मोठीचा टाक

फुलचूरच्या मामीला काहीही विचारलं, की तिचा हात आधी गळ्यातल्या टाकावर जायचा. "थांब, मोठीले विचारतो," म्हणून ती डोळे मिटायची आणि लगेच उघडून सांगायची, "नाही म्हणून राहिली." मग तो प्रश्न वांगी घेण्याचा असो, की शेजारणीला शिलाई मशीन उसनी देण्याचा. मोठी बहुतेक वेळा मामीच्याच मताची निघायची. मामा कधी चिडले, तर मामी शांतपणे म्हणायची, "माझ्यावर कायले ओरडता? तुमचीच बायको आहे, तिच्याशी बोला."

मोठी म्हणजे मामांची पहिली बायको. तिची मुलगी सुषमा नुकती पाय टाकायला लागली होती, तेव्हा मोठी तापाने गेली. मामा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मुनीम. घरात तान्ही पोर, म्हणून आजीने वर्षाच्या आत त्यांचं दुसरं लग्न लावून दिलं. लग्नाच्या दिवशीच नव्या सुनेच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. गेलेल्या सवतीचा राग घरावर राहू नये, म्हणून दुसरेपणावर आलेल्या बाईने तो घालायचा, अशी आमच्याकडची जुनी रीत. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, सणाच्या दिवशी पहिला घास त्याला. आमच्या लहानपणी सराफाकडे अशा टाकांचा ठसाच तयार असायचा. त्यावर एक उभी बाई, डोक्यावर पदर, हात जोडलेले. बाई कुठल्याही गावची मेलेली असो, टाकावर तीच.

दुसऱ्या बाया असा टाक पदराआड लपवून ठेवत. आमची मामी तो पदराबाहेर ठेवायची. कॉलेजसाठी मी फुलचूरला मामांकडे राहायला गेले, तेव्हा मला याची जरा भीतीच वाटली. मामी हसली. "भ्याचं काय त्याच्यात? दिवसभर घरात मी एकटी. मामा मिलमध्ये, सासूबाई देवळात. बोलाले कोणीतरी पायजे ना!"

एक गोष्ट मात्र तिला सलत होती. सुषमा तेव्हा तिसरीत होती. मामीच्या मांडीवर बसून ती टाकावरून बोट फिरवायची आणि विचारायची, "माझी आई अशीच होती का?" अशा वेळी मामीचा हात टाकावर जात नसे.

त्याच सुमारास मिलच्या शेठजींकडे कथेचं जेवण होतं. आम्ही सगळे गेलो. शेठजी स्वतः वाढत होते आणि त्यांच्या बोटात एक अंगठी होती. अंगठीत त्यांच्या वारलेल्या वडिलांचा फोटो, वर काच. मामीने त्यांचा वाढता हात थांबवून अंगठी नीट पाहिली. शेठजी खूश झाले. "बाबूजी हैं. जहाँ हम, वहाँ बाबूजी."

घरी येताना रिक्षात मामी म्हणाली, "त्याचा बाप बापासारखा दिसते. आन् माझी मोठी कोणासारखीच दिसत नाही. असं कसं चालन?"

दुसऱ्याच दिवसापासून शोध सुरू झाला. फोटो एकच होता, लग्नातला. त्यात मोठीची मान खाली आणि पदर नाकापर्यंत. मामांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "होती बाप्पा, चांगली होती."

"चांगली म्हणजे कशी?"

"कशी म्हणजे? बाईसारखी!"

"एवढे दिवस संसार केला ना तुम्ही तिच्यासंगं?" मामीने कपाळावर हात मारला. "उद्या मी मेली, तर माझंही असंच सांगसाल."

उरलं मोठीचं माहेर, सालेकसा. पण मामांचं दुसरं लग्न इतक्या लवकर झालं, याचा त्या माणसांना फार राग आला होता. जाणं-येणं तुटलं होतं. नातीचं तोंडही त्यांनी तेव्हापासून पाहिलं नव्हतं. आजी म्हणाली, "दारातून हाकलतील." मामीने सुषमाला नवा फ्रॉक घातला, मला सोबतीला घेतलं आणि आम्ही सकाळच्या पॅसेंजरने निघालो.

अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. मोठीची आई त्यात हात फिरवत बसली होती. "कोण पायजे?" तिने विचारलं.

मामीने पदर सारखा केला. मामीला घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "मी तुमच्या पोरीच्या जाग्यावर आलेली आहो," ती म्हणाली. "ती कशी दिसे, ते विचाराले आली."

म्हातारीचा हात फुलांत तसाच राहिला. तिने मामीकडे पाहिलं, मग टाकाकडे, मग सुषमाकडे. तिने सुषमाला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. "नाक हेच. कपाळ बी हेच. हनुवटीवर तीन ठिपके गोंदले होते." बोलता बोलता तिला हसू फुटलं. "आन् समोरचा दात तुटका. लहानपणी या मोहाच्या झाडावरून पडली होती. पण लाजे नाही. सारे दात काढून हासे."

"मंग हे कोणी सांगाचं ना!" मामी ओरडलीच. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आधी हसल्या, मग रडल्या. सुषमा मात्र उठून त्या झाडाखाली गेली आणि वर बघत उभी राहिली. आई कुठल्या फांदीवरून पडली, ते तिला पाहायचं होतं.

गोंदियाच्या सोनाराने साफ नकार दिला. "बाईजी, टाक पे दाँत नहीं बनते. भगवान जैसी चीज है, मुँह बंद रहता है."

"तिचं बंद राहत नव्हतं," मामी म्हणाली. "तिच्या मायनं सांगतलं." ती दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना मोठीची गोष्ट सांगू लागली. सोनार कंटाळला, हसला आणि कामाला लागला.

नवा टाक घरी आला तेव्हा आजी भडकली. "देवाले दात कायले?" असं म्हणत तिने तो हातात घेतला, उजेडात धरला. मग खाली बसली. "हेच ती," एवढंच म्हणाली. मामांनी टाक पाहिला आणि ते परसात निघून गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्या दिवसापासून मोठीबद्दल ते आपणहून बोलायला लागले.

सालेकसा हे मामीचं दुसरं माहेर झालं. उन्हाळ्यात ती तिथे मोह वेचायला जायची, अक्षय्य तृतीयेला ती म्हातारी आमच्याकडे यायची.

सुषमाचं लग्न रायपूरला ठरलं. पाठवणीच्या वेळी मामीने गळ्यातला टाक काढून तिच्या गळ्यात घातला. बाया कुजबुजल्या, हा जिवंतपणी उतरवत नसतात. मामी म्हणाली, "माझ्यासंगं राहून तिनं फुलचूरच पायलं. जाऊ द्या आता पोरीसंगं." गाडी निघून गेल्यावर मात्र ती मांडवातल्या खुर्चीवर बसून पदरात तोंड लपवून रडली. मामा समजूत घालायला गेले. रायपूर काही लांब नाही, पोरगी दिवाळीला येईल, म्हणाले. "पोरगी येईन हो," मामी म्हणाली. "माझी मैतरीण गेली ना."

मामी गेल्या हिवाळ्यात गेली. धान कापून झाला होता, सालेकसाला जायची तिची पिशवी भरून ठेवलेली होती. तिचा फोटो आता सुषमाच्या घरी, बैठकीत आहे. परवा मी तिथे गेले होते. सुषमाची मुलगी तिच्या मांडीवर बसून टाक चाचपत होती.

"ही कोण?" तिने विचारलं.

"माझी आई."

"मग ती फोटोतली?"

"ती पण माझी आई."

"बरं," मुलगी म्हणाली आणि खेळायला पळाली.