आत शिरलेली हवा

जगातल्या सगळ्या बिघाडांचं मूळ एकच, आत शिरलेली हवा, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे न्हावऱ्याचे मामा. विहिरीवरचं इंजिन पाणी उचलेना, हवा, स्टोव्ह भडकला, हवा, सरपंच सभेत वाकडं बोलले तरी मामा हळूच म्हणत, "शिरलीय थोडी." वस्तू चालते की नाही यापेक्षा ती का चालते याचीच त्यांना उत्सुकता. मामीचं शिवणयंत्र त्यांनी उगाच उघडलं आणि जोडल्यावर दोन स्क्रू उरले, तर "हे जादाच हुते" म्हणून खिशात टाकले.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मामांनी जुनी मोटार घेतली होती. लेकीचं बाळंतपण सोलापूरला सासरीच झालेलं, ती तान्ह्या मुलीला घेऊन दुसऱ्या दिवशी रेल्वेनं दौंडला उतरणार होती आणि पहिली नात एसटीचे धक्के खात येणार नाही, असं मामा गावभर सांगून बसले होते. नेमका तेव्हाच ब्रेक मऊ पडला, दाबला तरी धरेना. मेकॅनिक शिरूरला. मामा म्हणाले, "त्यो कशाला? हवा हाय आत. मीच काढतो."

मामा चाकाशी आडवे झाले. चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या बारीक तोटीला, रबरी नळी, नळीचं टोक बाटलीत. मी ब्रेक ऑइल ओतायला, मामी मोटारीत बसून पेडल दाबायला. मामा निपल ढिली करत, बुडबुडे बाहेर पडत. ती परत आवळेपर्यंत मामीनं पाय उचलायचा नाही, नाहीतर निघालेली हवा उलटी आत. पण काढावी तेवढी हवा परत शिरत होती. तीनदा झालं. मामा चिडायचं सोडून रंगात आले. बाटली उन्हात धरून म्हणाले, "कुठनं येती रं ही?"

शेवटी मलाच दिसलं. मामांचे वडील, आबा, काठी टेकत अंगणात फेऱ्या घालत होते. ते समोर आले की मामी पदर सावरत चटकन उठायची. सासऱ्यांसमोर ती कधी बसलीच नव्हती.

मी सांगताच मामा मोटारीखालून बाहेर आले. "आबा, जरा घरात बसता का?" आबांनी आधी कारण विचारलं, मग नळी, निपल, सगळं वाकून पाहिलं. मामांची खोड कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

"म्हंजी सूनबाई उठली की हवा शिरती व्हय? मग उठायचं न्हाई. तू बस पोरी. मी हुभा ऱ्हातो."

आणि चारही चाकं होईपर्यंत आबा मोटारीच्या दाराला धरून उभे राहिले. मामी मान खाली घालून, पेडल दाबून बसली होती, डोळे भरलेले. शेवटच्या चाकाला एकही बुडबुडा आला नाही.

नात मोटारीतूनच घरी आली. वाटेत मामा दर मैलाला ब्रेक दाबून पाहत होते, धक्के बसले ते तेवढेच.

आता आबा नाहीत, मामाही नाहीत. त्यांची फार आठवण येते. न्हावऱ्याला गेलो की म्हातारी मामी मला पाहून उठायला लागते. मी म्हणतो, "बस गं मामी, हवा शिरंल." ती हसते, बसते. मी मात्र थोडा वेळ दाराला धरून उभाच राहतो.