इस्थमसची चिठ्ठी

बाईंबद्दल लिहावं इतकं मला त्यांच्याविषयी ठाऊकच नाही. शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्या शब्दांचे अर्थ लिहायच्या, मी मुद्रितं तपासायचो. त्यांना भावंडं किती, हेही मी कधी विचारलं नाही.

एक इंग्रजी शब्द मात्र आठवतो: इस्थमस. दोन मोठ्या भूभागांना जोडणारी, दोन्ही अंगांना पाणी असलेली जमिनीची अरुंद पट्टी. सगळ्या कोशांत हाच अर्थ, एकाने दुसऱ्यातून उतरवलेला. बाईंचा नियम असा की, वस्तू पाहिलेल्या माणसाला विचारल्याशिवाय शब्दाचा अर्थ लिहिलेल्या चिठ्ठीवर सही करायची नाही. या शब्दाला तसा माणूस मिळेना, आणि पान शनिवारी छापायला जायचं होतं.

"शनिवारपर्यंत चिठ्ठी नाही आली, तर मी जुन्यातलाच अर्थ घेईन," संपादक म्हणाले.

"मग खाली सही तुमची. माझी नको."

"पर्वताचा अर्थ काय पर्वत चढून लिहिलात?"

"चढले होते. गुडघा अजून बोलतो."

आम्ही सगळे हसलो. बाई दुसऱ्या दिवशी रजा टाकून बसने निघून गेल्या.

शनिवारी दुपारी परतल्या. चपलांना वाळू लागलेली. मी भीत भीत विचारलं, "दिसलं?"

"मधोमध उभी राहिले हो," त्या हळूच म्हणाल्या. "डावीकडे पाणी काठाला टेकलेलं, उजवीकडे पार ओसरलेलं. दोन समुद्र, अन् एकाला दुसऱ्याची खबर नाही. मधे एवढीशी जमीन. तिच्यावरून एक म्हातारी शेळ्या हाकत चाललेली, जसं काही विशेषच नाही."

मी तर समुद्रच पाहिलेला नव्हता.

चिठ्ठीवर अर्थापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'व दोन समुद्रांना वेगळं ठेवणारी.' खाली वापर: 'इस्थमसवरून पलीकडच्या मुलखात पोचायला पायी अर्धा दिवस लागला.'

संपादकांनी दोनदा वाचलं. पानात जागा नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि 'आयलंड'खालचं स्वतःचं लाडकं वाक्य खोडलं.

सोमवारी बाई आल्या नाहीत. झोपेतच गेल्या, असं त्यांचा भाचा सांगून गेला.

शनिवारी संध्याकाळी पान छापायला गेल्यावर त्या पिशवी उचलत म्हणाल्या होत्या, "अर्धविराम वगैरे नीट बघितलात ना?"

"बघितले."

"बरं. मग निघा आता, घरी वाट बघत असतील."

"हो, निघतो."