वही मिटलेली असताना

जालन्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी आम्ही चौघं गावोगाव सर्वेक्षण करायचो. मी, माझ्या दोघी मैत्रिणी आणि भाऊ. भाऊ पन्नाशीचे, आमच्यात सगळ्यात जुने. ते मला ताई म्हणायचे. पुढे मी पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला, सर्वेक्षण करणारी माणसं माहिती नेमकी कशी गोळा करतात. म्हणजे अभ्यास करायचा तो आमचाच. तिघांनी संमतीपत्रावर मुकाट्याने सह्या केल्या. रोज एकत्र डबा खाणारीला नाही कसं म्हणणार? पण हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही, सह्या मिळाल्या म्हणून मी आपली खुशीत होते.

वर एक नियमही मीच काढला. वही उघडी असली तर मी अभ्यास करतेय, मिटली तर मी तुमच्यातलीच. दोघी हसल्या. भाऊंनी मात्र तो नियम मनावर घेतला. जेवायला बसताना ते आधी विचारायचे, "ताई, वही मिटली का?" मी मिटलेली वही दाखवली की मगच बोलायला लागायचे, आणि एकदा लागले की थांबायचे नाहीत.

केदारखेड्याला आम्ही आठवडाभर होतो. फॉर्मवर एक प्रश्न होता, गेल्या महिन्यात घरातलं कोणी उपाशी झोपलं का? दोघींच्या फॉर्मवर अधूनमधून 'हो' यायचं. भाऊंच्या एकूण एक फॉर्मवर 'नाही'. मला ते खटकत होतं. एका दुपारी शाळेच्या ओट्यावर आम्ही डबे सोडले. दोघी पाणी आणायला गेल्या होत्या, वही माझ्या पिशवीत होती. मी भाऊंना सहज विचारलं.

"म्या तो प्रश्न इचारीतच न्हाई, ताई," ते म्हणाले. "'न्हाई' लिव्हतो अन् फुडं जातो. लहानपनी आमी मेंढ्या घिऊन फिरायचो. एका गावात एका साहेबानं माह्या आईला चार मान्सांत इचारलं, काल काय खाल्लं? भाकर खाल्ली म्हनली. कुठली भाकर! मंग दिवसभर ती आमच्याशी बोल्ली न्हाई. आता म्या कोन्या बाईला तिच्या लेकरांसमोर तेच इचारू का?"

संध्याकाळी मी घरी गेले आणि त्यांचा शब्दन् शब्द लिहून काढला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. सर्वेक्षणात भूक का दिसत नाही, याचं उत्तर आयतं हाती आलं होतं. पण संस्थेत हे कळलं तर भाऊंची नोकरी गेलीच म्हणायची. नाव मी घालणार नव्हतेच, पण चौघांत पुरुष एकच. त्यांच्या जागी बाई लिहावी, तर संशय दोघींवर जाणार. मेंढ्या आणि आई काढून टाकावी, तर उरणार एक कामचुकार माणूस, आणि भाऊ तसे बिलकुल नव्हते. तो परिच्छेद मी चारदा बदलला. चारही वेळा वाचणाऱ्याला भाऊच दिसले असते.

शेवटी मी ती पानं त्यांच्याच हातात दिली. ओळीवर बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचली.

"आईचं बराबर लिव्हलं," ते म्हणाले. "पर तवा वही मिटलेली व्हती ना?"

मला वर बघवेना. त्याच दिवशी मी तो परिच्छेद काढला आणि त्यांना तसं सांगितलंही. माझ्या मार्गदर्शक बाईंनी प्रबंधाचं ते प्रकरण पोकळ झालंय असा शेरा मारला. झालंच होतं. भाऊंचे सगळे 'नाही' मात्र संस्थेच्या अहवालात तसेच गेले. त्यातल्या काही घरांत उत्तर 'हो' असणार हे ठाऊक असून मी गप्प बसले. ते बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही.

परवा आम्ही शहागडला कामाला गेलो होतो. दुपारी डबे सोडले. भाऊंनी वहीचं काही विचारलं नाही. मीच म्हणाले, "भाऊ, वही घरीच ठेवलीय."

"असू द्या, मॅडम," ते म्हणाले आणि खाली मान घालून जेवत राहिले.