जिन्याखालचा पोटखराबा

तहसील कचेरीच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. दहावीच्या गणिताने मला दोनदा अडवले आणि तिसऱ्यांदा मी परीक्षेला बसलो नाही. परंतु अर्जाची विषयओळ कशी बांधावी, हे देऊळगाव राजात माझ्याइतके कोणास साधत असेल असे मला वाटत नाही. वकील मंडळीही अधूनमधून आपला मसुदा नजरेखालून घालण्यासाठी मजकडे पाठवतात.

एका सकाळी बसस्थानकामागच्या मोठ्या दुकानातील एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. गावात त्या दुकानाला मॉल म्हणतात. खाली भांडी, वरच्या मजल्यावर साड्या व तयार कपडे. खालचा भांडी विभाग ही बाई दुकान उघडले त्या दिवसापासून सांभाळते. माहेर वरवट बकालचे. इतकी वर्षे इकडे नांदूनही तिच्या बोलण्यातला माहेरचा ‘ले’ गेलेला नाही.

“भाऊ, मले एक अर्ज लिहून द्या.”

“कोणत्या साहेबांच्या नावे?”

“आमच्या शेठच्या.”

“बाई, शेठला कोणी अर्ज लिहितं का? समोर जाऊन बोला.”

“बोलाले गेली त रडू येते. अन् रडलं का शेठ चहा मागवते, अन् बोलणं तसंच राह्यते. कागद काही रडत नाई.”

हे मला पटले. तिने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. शेठ पाडव्यापासून भांडी विभाग बंद करून खालीही कपडेच मांडणार होते. म्हणजे ही बाई आणि तिच्या हाताखालच्या दोघी घरी बसणार. कारण त्या कागदावर होते: भांडी विभाग तोट्यात.

मी चष्मा पुसून कागद नीट वाचला. जालन्याहून येणाऱ्या हिशोबनिसाने तो केला होता. भांड्यांच्या विक्रीतून खरेदी वजा जाता नफा चांगला उरत होता. त्यापुढे मात्र दुकान चालवण्याचा खर्च होता: इमारतीचे भाडे, वीज, पहारेकरी, झाडलोट, जाहिरात. त्या सर्वांवर ‘सामाईक’ असा शेरा मारून तो खर्च जागेच्या चौरस फुटांवर वाटला होता. दोन्ही मजले सारखे, म्हणून निम्मा खर्च भांड्यांच्या माथी. त्यात नफा बुडून वर तोटा दिसत होता.

गणित माझे नव्हे. पण सामाईक हा शब्द माझा आहे. सामाईक विहीर, सामाईक बांध यांवर मी उभे आयुष्य लिहीत आलो. सामाईक म्हटले की स्थळपाहणी आलीच. दुपारी टेबल आवरून मी मॉलमध्ये गेलो.

खाली छताला दोन पंखे. थंड हवेची यंत्रे सगळी वर, साड्यांजवळ. रस्त्यावरचे दार खाली, म्हणून वर जाणारे प्रत्येक गिऱ्हाईक भांड्यांमधून जाते. जिना खाली, चपलांची मांडणी खाली. जिन्याजवळ एक लांबलचक बाक होता आणि त्यावर पाच-सहा पुरुष जांभया देत बसले होते.

“हे कोण?” मी विचारले.

“वर साड्या पाहून राह्यल्या ना, त्यायचे नवरे,” बाई म्हणाली. “साड्या वर अन् नवरे माह्या अंगावर.”

तेथेच उभ्या उभ्या मला विषय सापडला. सात-बाऱ्यावर ज्या जमिनीत पीक येत नाही, ती पोटखराबा म्हणून वेगळी दाखवतात व तिच्यावर आकारणी करत नाहीत. मी लिहिले: ‘विषय: भांडी विभागाच्या क्षेत्रातून जिना, वाट, चपलांची जागा व नवऱ्यांचा बाक हा पोटखराबा वगळून खर्चाची आकारणी होणेबाबत.’ खाली विजेची बाब स्वतंत्र परिच्छेदात घेतली आणि शेवटी ‘अर्जदार आपली आभारी राहील’ हे शब्द टाकले नाहीत. न्याय्य मागणीस आभार कशाला?

अर्ज देताना बाईने मला सोबत नेले. शेठची लोणारकडे शेती आहे, त्यामुळे सात-बाऱ्याची भाषा त्यांच्या ओळखीची. हिशोबनिसाच्या तक्त्यात ते फक्त शेवटचा आकडा पाहत असावेत. हा कागद मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि मोठ्याने हसले.

“काऊन हो,” ते त्या दिवशी जालन्याहून आलेल्या हिशोबनिसाला म्हणाले, “जिन्यावर कोणी भांडे मांडते काय?”

“शेठ, फुटावर वाटायची पद्धतच आहे,” तो म्हणाला. “जिना भांड्यांवरून काढला तरी त्याचं भाडं द्यावंच लागतं ना? ते मी टाकू कोणावर?”

“जो जिना चढतो त्याच्यावर,” मी म्हणालो.

तो गृहस्थ सरळ होता. त्याने नवा तक्ता करायला घेतला. जिना, बाक आणि चपला साड्यांकडे गेल्या. दाराची वाट निम्मी निम्मी झाली. थंड हवेची वीज वरच्या मजल्यावर. भांडी नफ्यात आली. थोड्याच, पण नफ्यात. साड्यांचा नफा तेवढाच उतरला.

“म्हणजे माह्या खिशात एक रुपया वाढला नाई,” शेठ म्हणाले.

“नाही. पण कमावणारं दुकान तुम्ही बंद करणार होता, एवढं कळलं,” मी म्हणालो.

शेठनी चहा मागवला. बाई या वेळी रडली नाही. तिने चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. भांडी राहिली.

माझी नेहमीची फी मी घेतली. जास्त घेणे मला शोभत नाही. गोष्ट येथे संपली असे मी धरून चाललो होतो. पाडवा उलटल्यावर एकदा सौभाग्यवतीसोबत मॉलमध्ये गेलो. त्या वर गेल्या, मी बाकावर बसलो. पाहतो तो समोर नवी मांडणी: डबे, थर्मास, पाण्याच्या बाटल्या. शेजारचा एक गृहस्थ कंटाळून डब्याचे झाकण उघडझाप करत होता, आणि अखेरीस त्याने तो विकतही घेतला.

“बाई,” मी हळूच म्हणालो, “पोटखराब्यात पीक घेऊन तो वहितीखाली आणला की आकारणी सुरू होते बरं. बाक पुन्हा तुमच्या खात्यात धरतील.”

“मीच सांगतलं त्यायले, धरा म्हणून,” ती म्हणाली. “तुम्ही रिकामे बसून काऊन राह्यले? हा तीन खणांचा डबा पाहा.”

तो डबा आता रोज माझ्या टेबलावर असतो.