गाडीतलं नळाचं पाणी

आमच्या घरात एक विनोद बरीच वर्षं चालत आलेला आहे. मुलगा सेंगकांगहून रविवारी जेवायला येतो आणि कुकरची शिट्टी झाली की हटकून विचारतो, "आई, आज पुन्हा गाडी शिजवतेस का?" ती हसते. मीही हसतो. माझं ते हसणं खोटं आहे. ती गाडी या महिन्यात मोडीत जाणार आहे, आणि तिच्याबरोबर खरी गोष्टही जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

इथे सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचा परवाना मिळतो आणि तो संपला की बहुतेक लोक गाडी सोडून देतात. आम्ही तो वाढवून घेतला. मला गाडीचा लळा होता आणि बायकोला माझ्याहून जास्त. पन्नाशी उलटल्यावर ती इथेच ड्रायव्हिंग शिकली. परीक्षेत एकदा नापास झाली, तेव्हा घरी येऊन कणीक इतकी जोरात मळली की मी काही विचारलंच नाही. पास झाल्यावर मात्र शनिवारी सकाळी एकटी गाडी घेऊन आमच्या बिशानहून बेडोकच्या मार्केटला बांगडे आणायला जायला लागली. बांगडे बिशानलाही मिळतात. "तिथला मासेवाला मला ओळखतो," असं ती म्हणायची. मासेवाला ओळखत असेलही, पण परत येताना ती समुद्राच्या बाजूने लांबचा वळसा घालून यायची, हे मला पेट्रोलच्या काट्यावरून कळायचं.

परवाना वाढवल्यावर वर्षभरातच गाडी सकाळी कुरकुरायला लागली. चालू केली की जागच्या जागी थरथरायची, आरशाला टांगलेला गणपती हिंदकळायचा, आणि मिनिटभरात सगळं शांत व्हायचं. दुसरीकडे बॉनेटखालच्या टाकीतलं पाणी कमी होत होतं. इंजिन थंड ठेवणारं हे पाणी जातं कुठे, ते शोधायचा मी चंग बांधला. नुकताच निवृत्त झालो होतो, वेळ भरपूर होता. कारपार्कमध्ये गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवला. तो कोरडाच राहिला. पाइप चाचपले, आतली सतरंजी उचलून पाहिली, रेडिएटरचं झाकण बदललं. थरथर प्लगमुळे असेल म्हणून चारही प्लग काढले. तीन तपकिरी, काजळी धरलेले, आणि एक अगदी नव्यासारखा स्वच्छ. तो स्वच्छ प्लग पाहून मी खूश झालो. निदान हा एक तरी धड आहे, म्हटलं.

आणि टाकी भरत राहिलो, स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याने. पुण्यात असताना मी रेडिएटरमध्ये तेच घालायचो. कूलंट म्हणजे थंड देशात पाणी गोठू नये म्हणून घालायची वस्तू, अशी माझी पक्की समजूत. इथे बारा महिने घाम, मग कूलंट कशाला? ही हुशारी मी काही त्या वर्षी सुरू केलेली नव्हती. गाडी नवी होती तेव्हापासून, बाकी सगळं सर्व्हिसिंगला जाऊन करून घ्यायचो, पण पाण्याचं खातं माझ्याकडे होतं. पाणी कमी होतं आहे हे मी बायकोला सांगितलं नाही. उगाच घाबरेल, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे कोडं सुटलं नाही हे कबूल करायचं नव्हतं.

एका शनिवारी तिचा फोन आला. "अहो, एक्स्प्रेसवेवर आहे. ट्रॅफिकमध्ये अडकले होते, तो तापमानाचा काटा वर जायला लागला. मी गाडी कडेला घेऊन बंद केलीय. झाकण उघडू का?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "बांगडे कसे आहेत?"

"बांगड्यांचं काय विचारता? आधी इकडे या."

गाडी ओढून सिन मिंग भागातल्या एका गॅरेजमध्ये नेली. मालक माझ्याच वयाचा चिनी माणूस, बोलघेवडा, स्वतःच्या विनोदांवर स्वतःच आधी हसणारा. बायको शेजारच्या कॉफीशॉपमध्ये बसली होती. तिच्यासमोर कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, तशीच होती, आणि पायाशी बांगड्यांची पिशवी. मालकाने टाकीतलं पाणी बाहेर काढलं. ते गंजाने चहासारखं झालेलं होतं. त्याने मला हाक मारून दाखवलं. "दूध घालायचं का?" असं विचारून तो हसला आणि मग कामाचं बोलला. इंजिनाचे वरचे-खालचे भाग जिथे जुळतात, तिथलं गॅस्केट साध्या पाण्याने वर्षानुवर्षं गंजून खाल्लं गेलं होतं. रात्रभर पाणी एका सिलिंडरमध्ये झिरपायचं, सकाळी ते वाफ होऊन जाईपर्यंत गाडी थरथरायची. वाफेने धुतला जाऊन तेवढाच एक प्लग स्वच्छ राहिला होता. माझा धड प्लग.

मग त्याने इंजिनाचा वरचा भाग पट्टी लावून तपासला. तो वाकलेला नव्हता. "हू स्टॉप द कार?" त्याने विचारलं. मी म्हणालो, माझी बायको. "आणखी थोडी चालवली असती तर इंजिन गेलं होतं. गुड ड्रायव्हर, युअर वाइफ. बेटर दॅन यू."

मी कॉफीशॉपमध्ये गेलो. तिने विचारलं, "काय झालं?"

"गॅस्केट गेलंय. गरम झालं की जातं."

"म्हणजे माझ्यामुळेच. काट्याकडे आधी लक्ष गेलं नाही माझं."

एवढंच. नाही म्हणायला किती वेळ लागला असता? मी तिची गार झालेली कोपी उचलून प्यायलो आणि म्हणालो, "जाऊ दे, होतं असं." वर क्षमा केल्यासारखा चेहरा केला.

गाडी दुरुस्त होऊन आली. तिच्यापुरती चावी दाराजवळच्या खिळ्यावरच राहिली. शनिवारी ती बसने जायला लागली, मग जायचीच बंद झाली; बांगडे बिशानलाही मिळतात, असं आता तीच म्हणायला लागली. पासष्टीला लायसन्ससाठी डॉक्टरची तपासणी करून घ्यावी लागते. "मी कुठे चालवते आता," म्हणून ती गेली नाही. लायसन्स गेलं. तेव्हाही मी गप्प होतो. तोवर 'आईने गाडी शिजवली' हा मुलाचा विनोद घरात रुळला होता आणि मीही तो पाहुण्यांना ऐकवत होतो.

गेल्या रविवारी शिट्टी झाली. मुलगा इथल्या ढंगात म्हणाला, "आई, लास्ट चान्स लाह. गाडी चाललीय, आता शिजवणार काय?"

मी म्हणालो, "गाडी मी बिघडवली होती." आणि नळापासून कोपीपर्यंत सगळं सांगितलं. मुलगा घास हातात धरून ऐकत होता. "बाबा, सीरियसली?" एवढंच म्हणाला.

तिने सगळ्यांना आमटी वाढली, स्वतःच्या पानात भात घेतला. मग म्हणाली, "तो नक्की काय म्हणाला होता?"

"गुड ड्रायव्हर, युअर वाइफ."

"आणि पुढे?"

"बेटर दॅन यू."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. ती हसली नाही. "हे मला तेव्हा कळायला हवं होतं," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर तिने खिळ्यावरची चावी घेतली. "लायसन्स नाही हे माहीत आहे मला. नुसती चालू करते." आम्ही तिघं खाली कारपार्कमध्ये गेलो. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि आधी सीट पुढे ओढून घेतली. माझ्या पायांच्या मापाने ती केव्हाची मागे गेली होती. गाडी चालू झाली. थरथर नाही, आरशावरचा गणपती जागचा हलला नाही. मी खिडकीजवळ उभा राहिलो. ती समोर पाहत नव्हती, तापमानाच्या काट्याकडे पाहत होती. काटा हळूहळू मध्यावर येऊन थांबेपर्यंत तिने नजर काढली नाही. मग गाडी बंद केली आणि काच खाली घेतली.

"अहो, पाणी बघितलंत का आज?"

"बघितलं."

"कुठलं घातलंय?"

"कूलंट," मी म्हणालो, आणि मुलगा मागे मोठ्याने हसला. तीही हसली, पण चावी माझ्या हातात दिली नाही. वर जाताना लिफ्टमध्ये ती तिच्याच मुठीत होती.