उलटे महिने

माऊची मॅच असली की बाई हजर. मग कॉलेज बसने दोन तास लांब असो, बसमध्ये उभं राहून जावं लागो, नाहीतर अंगात कणकण असो. शाळेतल्या बाकीच्या मास्तरांना भारी कौतुक. म्हणायचे, "बाई, पोर शाळा सोडून गेली तरी तुम्ही काही तिची पाठ सोडत नाही! पोटच्या लेकीमागे कुणी एवढं फिरत नाही हो." बाई नुसत्या हसायच्या, पिशवीत पाण्याची बाटली टाकायच्या आणि चालू लागायच्या. आता कुणाला काय सांगणार? धास्ती वाटायची म्हणून जायच्या त्या. घरी बसून ती धास्ती सोसवायची नाही, एवढंच.

बाई म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई. शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत त्यांचा खेळाचा संसार. रबराचा वास, दांडा मोडलेला पंप, कपडे वाळत घालायच्या दोरीने सांधलेली गोलची जाळी. तेवढ्यावर पोरींना फुटबॉल शिकवायच्या, आणि काय शिकवायच्या! माऊ त्यांची गोलकीपर. बॉलवर अशी झडप घालायची की पोरींनी तिला माऊच करून टाकलं. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि बोलणं इस्त्रीपेक्षा गरम. पण लेक म्हणजे जीव की प्राण.

आता ही उलट्या महिन्यांची गोष्ट काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

स्पर्धेला मैदानाच्या कडेला एक डॉक्टर बसलेला असायचा. कुणाच्या डोक्याला लागलं की मेंदूला मार बसलाय का ते बघायला तो खिशातून प्रश्नांचं कार्ड काढायचा. आज वार कोणता, समोर कोण खेळतंय, आणि शेवटी, वर्षाचे महिने उलटे म्हण, डिसेंबरपासून. अडखळलीस की बस बाहेर. आता ठणठणीत पोरगीसुद्धा त्या कार्डाला बघून घाबरायची हो! ऑक्टोबरपर्यंत यायची आणि गप्प. एकदा तर ऐन फायनलला बाईंची सगळ्यात चांगली पोर अशीच बाहेर बसली, आणि संध्याकाळपर्यंत तिला साधं टेंगूळसुद्धा आलं नाही. बाई पेटल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात उडी मारायची दोरी. प्रत्येक उडीला एक महिना. डिसेंबर, टप. नोव्हेंबर, टप. हेडमास्तर बाजूने जाताना म्हणाले, "काय बाई, वर्ष मागे नेताय?"

"तेवढंच वय कमी होईल सर, तुम्ही पण घ्या दोरी!"

पोरी खो खो हसल्या. महिन्याभरात झोपेतून उठवलं तरी धाडधाड म्हणतील, असं पाठ झालं. नंतर दरवर्षी नवीन पोरी आल्या की तेच. बाईंना वाटलं, भीती घालवली आपण. वाईट मनात नव्हतं हो काही. पण करायला गेलं एक की होतं भलतंच.

माऊच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी तिचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. आवाज बाईंना पार कडेपर्यंत ऐकू आला. डॉक्टर धावला, कार्ड काढलं, माऊने डिसेंबर ते जानेवारी एका दमात म्हटलं. डॉक्टर म्हणाला, "शाब्बास." माऊ खेळली, टीम जिंकली. परतताना बसमध्ये पोर तीनदा ओकली. आणि गळ्यात मेडल असताना बाईंना विचारते, "बाई, आपण जिंकलो का?"

बाईंना कळलं, महिने धड आले तरी पोरीचं डोकं धड नव्हतं. पण माऊच्या आईला त्यांनी सांगितलं, ऊन लागलंय. दोन दिवसांत पोर हसायला खेळायला लागली, आणि बाईंनी तोंडाला कुलूप लावलं. दोरीवरचे महिने बंद केले, का ते कुणाला बोलल्या नाहीत. पण पाठ झालेलं पुसायचं कसं? ते काय फळ्यावर होतं?

मग फुटबॉलच्या जोरावर माऊला कॉलेजात जागा मिळाली, हॉस्टेल मिळालं. खेळते तोवर जागा, असा करार. आणि तेव्हापासून बाईंच्या बसच्या फेऱ्या सुरू.

त्या दिवशी सिमेंटच्या पायऱ्यांवर बाई आणि माऊची आई शेजारी शेजारी बसल्या होत्या. आई खुशीत होती. म्हणाली, "बाई, तुम्ही मॅच बघता की पोरीच्या डोक्याकडे बघता? डोळे फुटतील."

"सवय हो," बाई म्हणाल्या.

आणि बोलता बोलताच झालं. समोरची पोर बॉल घेऊन सुसाट आली, माऊ तिच्या पायात झेपावली, आणि त्या पोरीचा गुडघा माऊच्या कानशिलावर. माऊ पालथी पडली ती हलेना.

बाई उभ्या राहिल्या. आईने त्यांचं मनगट धरलं. कॉलेजची डॉक्टर, तरुण पोरगीच ती, बॅग घेऊन धावली. थोड्या वेळाने माऊ उठून बसली, मग उभी राहिली. पायऱ्यांवर टाळ्या. आईने श्वास सोडला, "उठली गं बाई, उठली."

पण बाई खाली बसल्या नाहीत. त्यांची नजर माऊच्या पायांवर होती. एवढ्या लांबून शब्द काही ऐकू येत नव्हता. माऊचे ओठ हलत होते, डॉक्टर मान डोलावत होती, आणि माऊच्या टाचा उचलल्या जात होत्या. टप. टप. टप. दोरी नव्हती, तरी पोर उड्या मारत होती.

बाईंनी पाऊल पुढे टाकलं. डॉक्टरने बॅग बंद केली.

"बाई, कुठे निघालात?" आई म्हणाली.

"ती बरी नाहीये. तिला बाहेर काढायला हवं."

"डॉक्टरला जास्त कळतं की तुम्हाला? गप बसा! आज मोठ्या टीमसाठी निवड करणारी माणसं आलीत. तिची जागा घालवाल तुम्ही!"

बाईंनी मनगट सोडवून घेतलं आणि कठड्यावरून पाय टाकला. पन्नाशीची बाई, साडी नेसलेली! गेटवरचा माणूस ओरडला, "ओ मावशी, ओ!" कॉलेजचे सर तरातरा आले, "मॅडम, बाहेर व्हा, खेळ थांबलाय."

"थांबू दे," बाई डॉक्टरला म्हणाल्या. "मी हिची शाळेतली बाई. महिने विचारलेत ना तुम्ही? ते तिला मी पाठ करून दिलेत. तुम्हाला फसवायला. दुसरं काहीतरी विचारा."

सगळे बघतच राहिले. सर म्हणाले, "अहो, काय बोलताय काय?" डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. पण शहाणी पोर. माऊकडे वळून म्हणाली, "बरं, आठवड्याचे वार उलटे सांग. रविवारपासून."

माऊ बाईंकडे बघून गोड हसली. म्हणाली, "रविवार, शनिवार," आणि टाचा उचलल्या. "नोव्हेंबर. ऑक्टोबर. सप्टेंबर."

थांबेचना पोर. ऑगस्ट, जुलै, जून, तशीच हसत, आणि एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झालेली. मग गुडघ्यात वाकली आणि ओकली.

अँब्युलन्समध्ये आई पुढे बसली. बाईंना जागा नव्हती, त्या रिक्षाने मागून गेल्या. डोक्यात रक्ताची गुठळी होती. ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. अजून एक धक्का बसला असता तर माझ्या हातात काही नव्हतं." बाई भिंतीला टेकल्या. पोर वाचली. पण सगळी चाचपणी होईपर्यंत खेळायचं नाही, आणि पुढे कधी खेळेल की नाही ते कुणी सांगेना.

महिन्यांचं सगळं आता आईलाही कळलं होतं. तिने बाकावरून वर बघितलं. "बाई, त्या वेळी बसमध्ये ऊन नव्हतं लागलं ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

आईने नजर परत खाली वळवली. मांडीवर माऊचा टी-शर्ट होता, त्याच्यावरून तळहात फिरवत होती, चुणी काढावी तसा. मग म्हणाली, "घरी जा बाई. तुमचं तोंड बघवत नाही आणि तुमचे पाय धरावेसे पण वाटतात. तुम्ही जा."

बाई घरी गेल्या. पण बसल्या नाहीत. नऊ वर्षं त्यांनी दोरीवर महिने घोकवले होते. नऊ वर्षांतल्या सगळ्या पोरी, किती कॉलेजांत पांगलेल्या! जिन्याखालच्या खोलीतून टीमचे जुने फोटो आणले, एकेकीचा नंबर शोधला आणि भर दुपारी फोन लावायला बसल्या. कुणी म्हणाली, "बाई, मी तर खेळ कधीच सोडला." कुणी रडली. एकीने तर पुढचं ऐकूनच घेतलं नाही, नुसती हसत सुटली.

"ते महिने? अय्या बाई! अहो, मी इथे सगळ्या टीमला शिकवलेत, दोरीसकट! परवाच आमच्यातल्या एकीला लागलं. असं धाडधाड म्हणाली की डॉक्टर चाट!"

बाईंनी तिला मध्येच तोडलं. विचारलं, "कुठाय ती?"

"ती? आज प्रॅक्टिसला आली नाही. डोकं दुखतंय म्हणे. झोपलीय वर."

"एकटी?"

"हो. का हो बाई?"

"जा. आत्ता जा, तिला उठव. फोन ठेवू नकोस."

पलीकडे चपला जिन्यावर वाजायला लागल्या. हसणं थांबलं होतं. मग दारावर थाप. पुन्हा थाप. बाई जमिनीवर बसल्या होत्या, फोन कानात घुसेल इतका दाबून. तिसऱ्या थापेला कडी निघाली आणि कुणीतरी चिडून म्हणालं, "काय गं, झोपू दे ना."

"तिला घेऊन दवाखान्यात जा," बाई म्हणाल्या. "चालत नको, गाडीने. आणि डॉक्टरला पहिलं हे सांग, की हिला उत्तरं पाठ आहेत. कुणी पाठ करून दिली विचारलं तर माझं नाव सांग."

मग त्यांनी फोटोतल्या पुढच्या पोरीवर बोट ठेवलं. अजून एकोणीस जणी राहिल्या होत्या.