कपाटात बंद केलेला तबला

अन्याय रुखसानावर झाला. सातवी ब. वार्षिक निकालाच्या दिवशी, सकाळी साडेअकराला, शाळेचा तबला कपाटात गेला. मी तेव्हा कोथरूडच्या त्या शाळेत संगीत शिक्षक होतो. जूनमध्ये रुखसानाची तबल्याची परीक्षा होती आणि घरी तबला नव्हता.

मी मुख्याध्यापिकांकडे गेलो.

"बाई, सुट्टीपुरता तबला रुखसानाच्या घरी देऊ या."

"डेड स्टॉक आहे तो, सर. बाहेर जात नाही."

डेड स्टॉक म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तू. टेबल, घंटा, तबला, सगळं एकाच रजिस्टरात.

"मग ती इथे येऊन वाजवेल. कॉम्प्युटर कॅम्पसाठी शाळा उघडीच आहे."

"अहो, कॅम्प चालू असताना ठोकाठोकी? पालक काय म्हणतील? तिलाच कॅम्पला पाठवा. भविष्य आहे त्यात."

संगीताची खोली आधीच कॉम्प्युटरला गेली होती, एसीसकट. वाद्यांचं कपाट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत होतं. वाद्यं जमा केल्याची सही रजिस्टरात लागते. ती मी केली. वाद घालायचं त्राण नव्हतं, हे कारण मी आजही सांगतो आणि ते आजही पुरत नाही.

तबल्याच्या तोंडावर ताणून बसवलेलं कातडं म्हणजे पुडी. उन्हात ती सुकते, ताण वाढतो. रोज वाजवणारा हातोडीने ठोकून ताण उतरवतो. कपाटात कोण उतरवणार?

मे महिन्यात रुखसानाच्या वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात गेलो. ती पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर कायदा, म्हणजे तबल्याची ठरलेली बोलरचना, वाजवत होती. बोल एकही चुकत नव्हता.

"सर, हिच्यापायी पुठ्ठे वाकले," वडील म्हणाले. "माझी शिवण मात्र लयीत पडायला लागली."

माझा स्वतःचा तबला-डग्ग्याचा जोड का दिला नाही, असं विचाराल. तो स्कूटरवर बांधून मी रोज शिकवण्या करत होतो. रविवारी तेवढा द्यायचो. सहा दिवस पुठ्ठा, एक दिवस तबला.

जूनमध्ये कपाट उघडलं. पुडी काठापासून उभी फाटली होती. बाईंनी पाहिली आणि म्हणाल्या, "बघा, न वाजवता ही गत. घरी दिला असता तर?"

रुखसाना माझ्या जोडावर परीक्षेला बसली. पुठ्ठा वेग देतो, नाद देत नाही. बोट किती दाबायचं, कधी उचलायचं, हे कातडंच शिकवतं. परीक्षकांनी शेरा लिहिला: बोल स्वच्छ, नाद नाही. नापास.

"पुढच्या सुट्टीत तरी मिळेल का, सर?" एवढंच तिने विचारलं. मी "बघू" म्हणालो. शिक्षकाचं "बघू" म्हणजे काय, हे आठवीत गेलेल्या मुलीलाही कळतं.

वाद्य बंद ठेवून टिकत नाही, आणि हातही टिकत नाही. म्हणून वार्षिक परीक्षा संपायच्या आत तुमच्या मुलांच्या शाळेत जा. वाद्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, विचारा. सुट्टीभर वाद्यं मुलांच्या घरी द्या, असा अर्ज करा. उत्तर लेखीच मागा. "बघू" म्हणाले, तर उठू नका.